बसण्याची वर्गणी : मेंढा (लेखा) ग्रामसभेची वाटचाल

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायची एक ठरलेली चाल असते. आधी स्थापनेचे साल, मग संस्थापकांचा फोटो, पहिल्या कार्यकारिणीची नावे, इमारत निधीला हातभार लावणाऱ्यांची यादी आणि शेवटी 'लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे' हे वाक्य. मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेचा इतिहास लिहायला घेतला की ही चाल पहिल्याच ओळीला अडते. स्थापनेचा दिवस सांगता येत नाही. संस्थापक म्हणून कोणाचे नाव टाकायचे, तर सगळे गावच टाकावे लागेल. देणगीदारांच्या यादीचेही तेच. इमारत म्हणाल तर एक गोटूल आहे, आणि त्याच्या लाकडावरून एकदा मोठे भांडण झाले आहे. ते पुढे येईलच.

मालमत्ता मात्र आहे, आणि ती लहानसहान नाही : सुमारे १,८०० हेक्टर जंगल. साग, ऐन, मोह, तेंदू, चार, आवळा आणि बाजारात सगळ्यांत मोलाचा बांबू. सभासद शंभरेक घरांतले. जन्माने किंवा लग्नाने गावात आलेला माणूस आपोआप सभासद होतो. प्रवेश फी नाही, अर्जाचा नमुना नाही. मग एवढी मोठी सामाईक वस्तू वापरणाऱ्या सभासदांकडून संस्था बदल्यात काय मागते? मला वाटते, मेंढ्याचा इतिहास याच प्रश्नाच्या बाजूने लिहिला पाहिजे. एरवी तो आंदोलने, मंत्री आणि परवाने यांचा इतिहास होतो, आणि तसा तो बऱ्याच वेळा लिहून झाला आहे.

हा प्रश्न काही जंगलापुरता नाही. मुंबईच्या समुद्रावर शिडाच्या होड्यांचे क्लब आहेत. त्यांतला रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर १८४६ सालचा. परदेशांत गावोगावी जे लहान होडी-क्लब असतात, तिथे एक रिवाज दिसतो. धक्का, होड्या, शिडे सामाईक असली की सभासदाला नुसती वर्गणी भरून सुटता येत नाही. पाळी आली की स्वतःची होडी बाजूला ठेवून दिवसभर बचावनौकेवर थांबावे लागते, हंगाम संपला की सगळ्यांच्या होड्या ओढून वर घ्यायला हात लावावा लागतो. आपल्याकडच्या माणसाला शिडाची होडी पाहायला लांब जावे लागेल, त्याला डोंगा ठाऊक. पण खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटाचे पाणी घेणारे शेतकरी दर वर्षी पाटातला गाळ मिळून काढत आले, ते याच न्यायाने.

आणि हा न्याय मोडला की काय होते, हे झाडीपट्टीला कुणी शिकवायची गरज नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हजारो जुने तलाव आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजातल्या लोकांनी बांधलेले. मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या, काळात पाण्याचा वापर आणि पाळीची (तलावाच्या बांधाची) डागडुजी एकमेकांना बांधलेली होती. ज्याच्या बांधीत (धानाच्या वाफ्यात) पाणी जायचे, त्याचे हात पाळीवर माती टाकायला लागायचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे 'मामा तलाव', असे नाव पडले. पाणी घेणारे तेच राहिले, पण पाळ आता सरकारची झाली. गाळ साचत गेला. मालगुजार काही संत नव्हता, आणि त्याच्या काळचे सगळेच श्रमदान आपखुशीचे नव्हते, हेही लिहून ठेवले पाहिजे. तरी वापरणारा आणि राखणारा वेगळे झाले की वस्तूचे काय होते, ते इथल्या कोणत्याही बुजलेल्या तलावाच्या काठावर उभे राहून पाहता येते.

मेंढ्याच्या जंगलाचे जवळजवळ तेच झाले होते.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले की साधारण ३० किलोमीटरवर, धानोरा यायच्या थोडे आधी हे गाव आहे. जवळून कठाणी नदी वाहते. मेंढा नावाची गावे या भागात आणखीही आहेत, म्हणून शेजारच्या लेखा गावाचे नाव कंसात जोडतात. वस्ती बहुतेक सगळी गोंड, स्वतःला कोया म्हणवणारी. पावसावरचे धान आणि उरलेले वर्ष जंगल, असा संसार. पूर्वी हा मुलूख जमीनदारीत होता. जमीनदारी गेल्यावर जंगल सरकारकडे आले आणि लोकांचे पूर्वापार हक्क निस्तार पत्रकात नोंदले गेले. निस्तार हा शब्द विदर्भाबाहेरच्या वाचकाला थोडा सांगावा लागतो : घराला लाकूड, चुलीला जळतन, गुरांना चराई, कुंपणाला काट्या-बांबू, अशा रोजच्या गरजा भागवण्याचा हक्क. कागदावर तो राहिला. प्रत्यक्षात नांगराचे लाकूड आणायचे तरी कुणाच्या तरी हातावर काही तरी ठेवावे लागे. दुसऱ्या बाजूला बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात होता. एकाच जंगलात दोन वापरणारे, आणि राखणारा तिसराच, खाकीतला. अशा वेळी गावकऱ्यानेही जंगलाकडे 'आज आपण नाही तोडले तर उद्या दुसरा तोडेल' या नजरेने पाहायला सुरुवात केली, तर त्यात नवल नव्हते.

१९८० नंतरच्या काही वर्षांत गोष्टी हलल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्याच सुमारास गोदावरीवरचे इचमपल्ली आणि इंद्रावतीवरचे भोपालपट्टनम या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. त्यात बाबा आमटे होते, आदिवासी नेते लालश्यामशाह महाराज होते. धरणे मागे पडली. पण आंदोलनासाठी हिंडलेल्या तरुणांच्या डोक्यात एक विचार घर करून राहिला : बुडणारे जंगल वाचवायला आपण दिल्लीपर्यंत ओरडलो, आणि गावालगतच्या जंगलाचे काय? मेंढ्याचे देवाजी तोफा त्यांच्यातले. याच दिवसांतली एक घोषणा पुढे गावाची ओळख झाली : 'मावा नाटे माटे सरकार.' दिल्ली-मुंबईत आमचे सरकार असेल, आमच्या गावात आम्हीच सरकार.

गोटुलाचे भांडण याच काळातले. गोटूल म्हणजे तरुणांनी एकत्र यायची, शिकायची, नाचण्या-गाण्याची जागा. ही जुनी प्रथा मोडकळीला आली होती. गावाने ते नव्याने बांधायचे ठरवले आणि परंपरेप्रमाणे जंगलातून साग आणला. निस्ताराच्या नजरेने तो हक्क होता, वनकायद्याच्या नजरेने गुन्हा. लाकूड जप्त झाले. गावाने पुन्हा लाकूड आणले आणि गोटूल उभे केले. आता पाहायला गेले तर ही एका मांडवाएवढ्या इमारतीची गोष्ट आहे. पण ती मी इमारत निधीच्या सदरात घालतो, कारण इथे पहिल्यांदा सगळ्या गावाने मिळून एखाद्या वस्तूची किंमत चुकवली, आणि ती पैशात नव्हती.

चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल याच काळात मेंढ्याशी जोडले गेले. आडनावाच्या जागी आईचे आणि वडिलांचे नाव लावणारा हा माणूस जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेला आणि विनोबांच्या विचारांत मुरलेला. त्यांना गावात कार्यक्रम राबवायचा नव्हता. लोक एकत्र बसून निर्णय कसा घेतात, याचा त्यांना अभ्यास करायचा होता, आणि हा अभ्यास गावाबरोबर बसूनच होणार होता. इथून मेंढ्याच्या इतिहासातला खरा धडा सुरू होतो. तो कंटाळवाणा आहे. त्यात घोषणा नाहीत, मोर्चे नाहीत, नुसत्या बैठका आहेत.

गावाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या : अभ्यास मंडळ आणि ग्रामसभा. अभ्यास मंडळात कुणीही यावे, बाहेरच्यानेही. विषय काढावा, माहिती द्यावी, उलटसुलट बोलावे. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तो फक्त गावकऱ्यांचा. बाहेरचा कितीही शहाणा असला तरी तिथे त्याचे मत धरले जात नाही. आपल्या बहुतेक संस्थांत याच्या नेमके उलट असते. सभेत माहिती पहिल्यांदा कळते, आणि ती कळायच्या आत हात वर करायची वेळ येते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. निर्णय सर्वसहमतीने. बहुमताने नाही. एकाला पटले नाही तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो, पुन्हा बोलणे होते, पुन्हा पुढे जातो. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा चुराडा वाटतो, आणि खरे सांगायचे तर एखाद्या संध्याकाळी तो असेलही. पण बहुमताने ठरले की हरलेले लोक जंगलात जाऊन काय करतील, याचा विचार करून पाहावा. अठराशे हेक्टरच्या जंगलाला कुंपण नाही, दार नाही. ज्याच्या मनाविरुद्ध निर्णय झाला, त्याने कुऱ्हाड घेऊन पहाटे कुठूनही शिरावे. शंभरांपैकी पाच घरे नाराज राहिली तर पाच घरांमागे पहारेकरी ठेवावे लागतील, आणि त्या पहारेकऱ्यांमागे आणखी कोणीतरी. सहमतीचा खर्च आधी होतो, पहाऱ्याचा नंतर. मेंढ्याने आधी खर्च करायचे ठरवले.

म्हणून या संस्थेची खरी वर्गणी बसण्याची आहे. प्रत्येक घरातून किमान एक बाई आणि एक पुरुष सभेला हवा. ऐकायला हे सोपे आहे. पण रोवण्याच्या दिवसांत, कंबरेत वाकून दिवसभर चिखलात रोपे लावल्यावर, रात्री दोन तास बसून बांबूचा हिशेब ऐकणे म्हणजे काय, ते रोवणा केलेल्या बाईलाच विचारावे. मजुरीवर जगणाऱ्या घरात वेळ हाच पैसा, आणि तो तर इथे रोख मोजून द्यावा लागतो. सभेला न येता फायदा घेणारा सभासद कोणत्याही संस्थेला ठाऊक असतो. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला वीस जण येतात आणि पाण्याच्या टाकीबद्दल भांडतात मात्र दोनशे. मेंढ्यात ते चालत नाही असे नाही, पण तिथे गैरहजेरी ही नुसती अनुपस्थिती राहत नाही. निर्णयच थांबतो. मग शेजारीच विचारायला येतात, काय रे बाबा, का नाही आला?

बायकांच्या हजेरीचा परिणाम लवकर दिसला. दारूबंदीचा विषय त्यांनी लावून धरला. देवाधर्माच्या कामापुरती मोहाची दारू वगळून बाकी बंद, असे ठरायला पुष्कळ बैठका गेल्या. पुढे १९९३ मध्ये साऱ्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

आता नियम. लिहून काढले तर ते अर्ध्या पानात मावतात. गावाच्या घरगुती गरजा आसपासच्या जंगलातून भागतील, त्यासाठी कोणाला लाच द्यायची नाही. कुणीही बाहेरचा, सरकारी असो की खासगी, ग्रामसभेला विचारल्याशिवाय जंगलात काही करणार नाही. जंगलाला आग लावायची नाही. गरजेपेक्षा जास्त तोडायचे नाही. मातीची धूप थांबवायची. जंगलात नवे अतिक्रमण करायचे नाही. राखण पाळीने, घराघरांतल्या माणसांनी. आणि मजुरी करणाऱ्या प्रत्येकाने ग्रामसभेमार्फत मिळालेल्या कामाच्या मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायचा.

वाचताना शेवटच्या नियमावर नजर थांबते, कारण त्यात आकडा आहे. पण माझ्या लेखी यांतला सर्वांत महाग नियम अतिक्रमणाचा. ज्याच्याकडे पुरेशी जमीन आहे त्याला तो फुकट पडतो. ज्याच्याकडे दीड बांधी धान आहे आणि तीन मुलगे, त्याच्यासाठी जंगलाचा एक तुकडा साफ करणे हा पिढीचा प्रश्न असतो. शेजारच्या गावांत लोक तसे करत होते आणि पुढे-मागे ते कायम होईल अशी आशाही होती. तशा घराला 'नाही' म्हणायला लावणे आणि तेही त्याच्या स्वतःच्या तोंडून, सहमतीने, हे दहा टक्के घेण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. त्या घराला बदल्यात काम आणि जंगलातला वाटा द्यावा लागतो, आणि तो देण्याची जबाबदारी पुन्हा ग्रामसभेवरच येते. दहाव्या हिश्शाच्या ग्रामकोषाचे काम तिथून सुरू होते : अडल्या-नडल्याला उसने, गावाच्या कामाला भांडवल, सावकाराकडे जायची वेळ टाळणे.

लाच न देण्याचा नियमही दिसतो तेवढा साधा नाही. लाच देणारा एकटाच असतो आणि त्याचे काम त्या दिवशी होते. न देणाऱ्याचे काम अडते आणि ते सगळ्या गावाला ओढून न्यावे लागते.

मधाची गोष्ट इथेच सांगतो, कारण ती या संस्थेच्या कामाची रीत दाखवते. आग्या मोहोळाचा मध काढताना जाळ करून माशा मारायच्या, पोळे अख्खे तोडायचे, ही सगळीकडची रीत. अभ्यास मंडळात मधमाश्यांचा विषय निघाला. माशी फुलाफुलांवर काय करते, ती कमी झाली तर मोहाचे आणि चाराचे काय होते, असे बोलत बोलत लोक पोळ्यापाशी आले. मग अहिंसक रीतीने मध काढण्याचे शिक्षण घेतले गेले. पोळ्यातला मधाचाच भाग कापायचा, अंडी-पिलांचा भाग शाबूत ठेवायचा. माशी त्याच जागी पुन्हा पोळे भरते. मध त्याच झाडाला पुन्हा मिळतो. बंदीच्या फतव्याने हे झाले नाही. तसा फतवा काढायला ग्रामसभेला एक संध्याकाळ पुरली असती. शिकायला जास्त वेळ लागला.

बांबूचा प्रश्न मात्र गावाच्या हातात एकट्याने सुटण्यासारखा नव्हता. १९९० नंतरच्या दशकात गावाने कारखान्यासाठी होणाऱ्या तोडीला हरकत घेतली आणि संयुक्त वनव्यवस्थापनासाठी, म्हणजे वनखाते आणि गाव यांनी मिळून जंगल सांभाळण्यासाठी, आग्रह धरला. महाराष्ट्रात त्या योजनेचा शासननिर्णय १९९२ चा, पण तिचा रोख ओसाड, झाडे नसलेल्या वनजमिनींवर होता. इथे तर उभे जंगल होते. पुष्कळ पत्रव्यवहार झाल्यावर मेंढा त्यात आले. शिवाय कायद्याच्या नजरेने ग्रामसभा म्हणजे लेखा ग्रामपंचायतीतल्या सगळ्या गावांची मिळून भरणारी सभा, एकट्या मेंढ्याची नव्हे. त्यामुळे कितीतरी वर्षे ही संस्था कायद्याच्या पुस्तकात नसतानाच चालली. आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आला, तेव्हा वस्तीच्या पातळीवरच्या ग्रामसभेला दिल्लीने मान्यता दिली. महाराष्ट्रात त्याचे नियम यायला २०१४ उजाडले.

मग आला २००६ चा वनहक्क कायदा. या कायद्याबद्दल बोलताना सगळे तिसरे कलम सांगतात. त्यात हक्क आहेत. पाचवे कलम कमी जणांच्या तोंडी असते. त्यात हक्कधारकांची कर्तव्ये आहेत : वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखणे, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत सांभाळणे, ग्रामसभेचे निर्णय पाळले जातात याची काळजी घेणे. मेंढ्याने ते आधीच लिहून ठेवले होते, म्हणून २००८ च्या सुरुवातीला नियम लागू झाल्यावर दावा तयार करायला गावाला नवे काही शोधावे लागले नाही. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचे मर्दा यांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशातल्या पहिल्यांपैकी ते होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. सामाईक मालमत्ता शेवटी नासतेच, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये लिहिले होते आणि जगाने ते प्रमाण मानले होते. ऑस्ट्रॉमबाईंनी मासेमारीची पाणथळे, कुरणे, पाटपाणी यांचे कितीतरी दाखले तपासून दाखवले की नियम करणारे, राखणारे आणि वापरणारे एकच असतील तर ती टिकते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. धानोरा तालुक्यात त्या ऑक्टोबरात लोक धान कापायच्या तयारीत होते.

हक्काचा कागद मिळाला तरी बांबू गावाबाहेर नेता येईना. वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याचा, आणि खात्याचे म्हणणे असे की १९२७ च्या वनकायद्याप्रमाणे बांबू हे झाड आहे. नव्या कायद्यात तो गौण वनोपज आहे. वनस्पतिशास्त्राने तो गवत आहे. अशा तीन व्याख्यांमध्ये तोडलेला बांबू अडकून पडला. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज धरावा असे कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले. त्यांनी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. देशात ही पहिलीच वेळ. सप्टेंबर २०१२ मध्ये नियम बदलून हा अधिकार सगळ्याच ग्रामसभांकडे गेला.

फोटो त्या दिवसाचे छापले जातात. संस्थेच्या इतिहासात मला त्यानंतरचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. बांबू विकून मोठी रक्कम आली, आणि ती गरिबीपेक्षा अवघड परीक्षा होती. निविदा काढायच्या, ठेकेदाराशी करार करायचा, ग्रामसभेच्या नावाने पॅन कार्ड काढायचे, मजुरीचे हजेरीपट भरायचे. रांझीत, म्हणजे बांबूच्या बेटात, शिरून जून बांबू तेवढा तोडायचा, कोवळा राखायचा, वास्ते, म्हणजे नवे कोंब, वाचवायचे, हे हाताला ठाऊक होते. पण खतावणी ठाऊक नव्हती. मंदिराच्या दानपेटीचाही हिशेब ज्या समाजात धड लागत नाही, तिथे शंभर घरांच्या सभेपुढे दर रुपयाचा हिशेब मोठ्याने वाचायचा आणि कुणी हात वर करून 'हे समजले नाही' म्हटले तर पुन्हा वाचायचा. बसण्याची वर्गणी इथे परत कामाला आली. बैठकीची सवय पैसा यायच्या आधी लागली होती, हे गावाचे भाग्य. उलट क्रमाने झाले असते तर काय झाले असते, याची उदाहरणे द्यायला फार लांब जावे लागत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने हा क्रम ओळखला. २०१२ मध्ये त्या गावाला हजारेक हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाले. बांबू त्यांनी स्वतः तोडायला आणि विकायला घेतला. तेंदूपत्ता मात्र सोडून दिला. पत्ता चांगला यावा म्हणून झाडे छाटतात, आगी लावतात, आणि तेंदूची फळे जातात, असा त्यांचा विचार. मे महिन्यात पुडके बांधून फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेले की पावसाळ्याआधी हातात रोख पडते. इथल्या घरांना त्या पैशाचे मोल किती असते ते सांगायला नको. तो पैसा गावाने मिळून नाकारला, वर ३४ हेक्टर जंगल हात न लावता राखून ठेवले. मेंढ्याचे अनुकरण म्हणून हे सांगत नाही. सभासदाने काय द्यायचे याला पाचगावने दिलेले उत्तर वेगळे आहे, आणि काही बाबतींत जास्त कडक.

गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी तर मिळून एक महाग्रामसभा उभी केली आहे. सगळीकडे मेंढा झालेला नाही. कुठे हक्काचा कागद आला आणि बैठक आली नाही. कुठे ठेकेदाराचा माणूसच सचिवासारखा वावरतो. कागद सरकार देऊ शकते, बैठक देऊ शकत नाही.

पुढची पायरी मेंढ्याने २०१३ मध्ये घेतली, आणि ती ऐकून गावाचे मित्रही क्षणभर थबकले. जंगल तर सामाईक होतेच. आता गावाने ठरवले की शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायची, म्हणजे ग्रामदान करायचे. महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४ चा. विनोबांच्या पदयात्रेचा भर ओसरल्यावर तो कायद्याच्या पुस्तकात पडून होता आणि बहुतेक तहसील कार्यालयांत त्याचे नाव काढणारे कोणी उरले नव्हते. विनोबांच्या ग्रामदानात शेतकऱ्याने पिकाचा चाळीसावा हिस्सा गावाला द्यायचा आणि मजुराने महिन्यातला एक दिवस. मेंढ्याचा दहावा हिस्सा त्याआधी कितीतरी वर्षे चालू होता. त्या मानाने चाळीसावा हलकाच. खरा भार दुसरीकडे होता. दीड-दोन एकरांचा का होईना, सातबारा हा इथल्या माणसाचा एकमेव आधार. त्यावरचे नाव काढून गावाचे लावायला प्रत्येक घराने होकार दिला, तोही सर्वसहमतीने. म्हणजे एका घराने जरी 'मला पटत नाही' म्हटले असते तरी विषय पुढच्या बैठकीवर गेला असता. तसा तो किती वेळा गेला असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

या बैठकांच्या कडेला बसून अभ्यास करणारे मोहन हिराबाई हिरालाल जानेवारी २०२५ मध्ये गेले. अभ्यास मंडळात त्यांना बोलता येत असे. ग्रामसभेत निर्णयाच्या वेळी त्यांचे मत धरले जात नसे, आणि हा नियम त्यांच्याच आवडीचा होता.

त्या ग्रामदानाविषयी एक सांगायचे राहिले : त्यात जमीन कसणारा तोच राहतो. वारसाने ती मुलाबाळांकडे जाते. पीक घरात येते. फक्त गावाबाहेरच्या कोणाला ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. गडचिरोली-धानोरा रस्त्याला लागून असलेल्या जमिनीला पुढे काय भाव येईल, हे मेंढ्याच्या लोकांना सांगायला बाहेरून कुणाला जावे लागत नाही. रस्ता त्यांच्या दारातूनच जातो.